दोन की चार?

गेल्या वर्षी भाऊबीजेला मी पुण्याला धाकट्या बहिणीकडे गेलो होतो. पाट, पाटाभोवतीची रांगोळी, ताटातले निरांजन, सुपारी आणि अंगठी, सारे दरवर्षीप्रमाणेच होते. तिने ओवाळले. मी पाकीट ताटात घालणार, तोच तिने ताट मागे घेतले.

“यंदा पैसे नकोत, दादा. वेगळी ओवाळणी हवी.”

“काय हवं?”

“तुझ्या भाच्याला समजाव. फटफटी घ्यायची म्हणतोय. तीसुद्धा चार सिलिंडरची! दोन सिलिंडरची म्हणाला असता तर मी एक अक्षर बोलले नसते.”

मी तीस वर्षे कॉलेजात नीतिशास्त्र शिकवले. त्यामुळे माणसांची मने वळवण्याची काहीतरी किल्ली माझ्यापाशी असावी, अशी घरच्या मंडळींची भाबडी समजूत आहे. त्या तीस वर्षांत मागच्या बाकावरचा एक विद्यार्थीसुद्धा मी पुढच्या बाकावर आणू शकलो नाही, हे त्यांना ठाऊक नाही. पण भाऊबीजेच्या ताटापुढे ‘नाही’ कोण म्हणणार? मी मान डोलावली आणि पाकीट परत खिशात ठेवले. त्याच क्षणी मला एक जुनी गोष्ट आठवली, आणि आपण मान जरा घाईनेच डोलावली असे वाटून गेले. ती गोष्ट पुढे येईलच.

फराळाची बशी घेऊन मी भाच्याच्या खोलीत गेलो. मुलगा उनाड नाही. इंजिनिअर आहे, कारखान्यात नोकरी करतो, आणि चार वर्षे पगारातून पैसे बाजूला टाकून त्याने ही हौस सांभाळली होती. मी कशासाठी आलो ते त्याने ओळखले.

“मामा, निकाल देण्यापूर्वी दोन म्हणजे काय आणि चार म्हणजे काय, एवढं तरी ऐकून घ्या.” असे म्हणून त्याने टेबलावर दोन सुतळी बॉम्ब ठेवले आणि त्यांच्या शेजारी लवंगी फटाक्यांची एक माळ मांडली. “दारू दोन्हीकडे सारखीच आहे असं समजा. बॉम्ब मोठा, पण एक उडाला की दुसरा उडेपर्यंत वेळ जातो. लवंगी एवढीशी, पण किती भराभर उडते!”

मग त्याने कागद ओढला. एकाच कावासाकी कंपनीच्या, ३९९ सीसीच्या दोन गाड्या त्याने त्यावर मांडल्या. एक २०१८ साली आपल्याकडे आलेली, दोन सिलिंडरची निंजा ४००. दुसरी २०२३ साली आलेली, चार सिलिंडरची झेडएक्स-४आर. पोट दोघींचे सारखेच. पहिलीत ते दोघांत वाटलेले, दुसरीत चौघांत. पहिलीचा पिस्टन एका खेपेला ५१.८ मिलिमीटर सरकतो, दुसरीचा ३९.१. खेप लहान असल्यामुळे चार सिलिंडरचे इंजिन तेवढ्याच वेळात अधिक येरझारा घालू शकते. पहिली मिनिटाला १०,००० फेऱ्यांना आपली पुरी ताकद दाखवते, ती सुमारे ४५ अश्वशक्ती. दुसरी तीच दाखवते १४,५०० फेऱ्यांना, आणि ती भरते सुमारे ७७.

“दारू तेवढीच आणि ताकद दीडपटीहून जास्त?” मी विचारले. “हे फुकट कसे मिळते?”

“फुकट नाहीच मिळत,” तो म्हणाला. “गाडी वीस-एक किलोंनी जड होते, किंमत बरीच वाढते, आणि ती ताकद हवी असेल तर इंजिन सतत किंचाळत ठेवावं लागतं.”

मी गणिताचा माणूस नव्हे, पण त्याच्या कागदावरचे दोन आकडे पाहून मला मौज वाटली. पुऱ्या ताकदीला असताना दोन्ही गाड्यांचे पिस्टन जवळजवळ सारख्याच वेगाने वरखाली धावत असतात. दोन सिलिंडरच्या गाडीत सेकंदाला सरासरी १७ मीटर, चारच्या गाडीत १९. म्हणजे दमछाक दोघींची सारखीच. आणि इंजिन चाकाला जो पीळ देते, ज्याला गॅरेजातली मंडळी टॉर्क म्हणतात, तोही सारखाच. एकीचा जास्तीत जास्त ३८ न्यूटन-मीटर, दुसरीचा ३९. फरक इतकाच, की पहिलीला तो ८,००० फेऱ्यांनाच गवसतो आणि दुसरीला त्यासाठी १३,००० पर्यंत चढावे लागते. तेव्हा चार सिलिंडरची गाडी अधिक जोराने ढकलते असे मुळीच नाही. ती तेवढ्याच जोराने अधिक वेळा ढकलते.

काही गवयांचा आवाज मंद्र आणि मध्य सप्तकात खुलतो, काहींचा तार सप्तकात गेल्याशिवाय फुलतच नाही. दोन सिलिंडरची गाडी पहिल्या जातीची. खंबाटकीच्या चढावर मालाने भरलेल्या ट्रकमागे रेंगाळत असताना, पावसात चिखल चुकवीत जाताना, चौकातल्या सिग्नलवरून निघताना जी ओढ लागते ती तिच्या गळ्यात तयारच असते. चारची गाडी त्या वेळी नुसती गुणगुणते. तिचा षड्ज ज्या उंचीवर लागतो तेथे पोहोचेपर्यंत आपल्या रस्त्यावर एखादी म्हैस तरी आडवी येते, नाहीतर कायदा तरी. चारपदरी महामार्गावरसुद्धा दुचाकीला ताशी ८० किलोमीटरची मर्यादा २०१८ साली ठरवून दिली आहे. ही गाडी दुसऱ्या गिअरमध्येच ती ओलांडते. वरचे चार गिअर मग कशासाठी? आणि आपल्याकडचा जो सर्वांत सरळ, रुंद रस्ता, पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग, तेथे तर दुचाकीला प्रवेशच नाही.

मला वाटले, ओवाळणी फिटली. मी म्हटले, “मग झालं तर! जी ताकद वापरता यायची नाही ती विकत घेणं याला शहाणपण म्हणायचं का?”

त्याने चकलीचा तुकडा मोडला आणि शांतपणे विचारले, “मामा, तुमच्या कपाटात पुस्तकं किती? त्यांतली वाचलेली किती? आणि आईची पैठणी वर्षातून किती वेळा बाहेर निघते?”

मी निरुत्तर झालो. माणूस केवळ लागेल तेवढेच बाळगू लागला, तर दिवाळीसुद्धा करण्याचे कारण उरणार नाही. एका पणतीत उजेड पुरतो. आपण पंचवीस लावतो. न लागणारे बाळगणे हाच जर दोष असेल, तर आपल्यातला निर्दोष कोण? पैठणीचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. मी वाईला परत आलो आणि उत्तर सुचेना म्हणून मोटारसायकलींच्या शर्यतींचा इतिहास वाचायला घेतला.

त्या इतिहासात मला माझाच विषय भेटला. बाजारात विकल्या जाणाऱ्या गाड्या सुधारून त्यांच्यात जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यती लावायच्या, असे १९८८ साली ठरले आणि सुपरबाइक स्पर्धा सुरू झाली. लगेच प्रश्न उभा राहिला: दोन सिलिंडरची इटालियन डुकाटी आणि चार सिलिंडरच्या जपानी गाड्या यांना एकत्र पळवायचे तर नियम काय? सर्वांना सारखेच सीसी दिले, तर दोनची गाडी सुरू होण्यापूर्वीच हरली. कारण उघड आहे. ते वर आकड्यांत आलेच. म्हणून चारच्या गाडीला ७५० सीसीची मर्यादा घातली आणि दोनच्या गाडीला १००० सीसीची मुभा दिली. सुरुवातीची काही वर्षे वजनातही सवलत होती.

समानांना समान आणि असमानांना असमान वागवणे म्हणजे न्याय, ही ॲरिस्टॉटलची व्याख्या मी दरवर्षी जून महिन्यात वर्गाला सांगत असे. मुले जांभया देत. त्या वेळी सुपरबाइकचे उदाहरण ठाऊक असते, तर निदान मागचे बाक तरी जागे राहिले असते! कारण पुढे जे घडले ते व्याख्येत मावणारे नाही. १९८८ ते २००२ या पंधरा हंगामांपैकी अकरा वेळा विजेतेपद दोन सिलिंडरच्या गाडीने पटकावले. दुर्बळाला दिलेली काठी दुर्बळाने अशी फिरवली की सबळच अन्याय, अन्याय म्हणून ओरडू लागले. ही सवलत म्हणजे न्याय की पक्षपात, यावर वर्षानुवर्षे खल चालला. त्यातल्या होंडा कंपनीने तर २००० साली वाद घालणे सोडून स्वतःच दोन सिलिंडरची गाडी बनवली, आणि कॉलिन एडवर्ड्सने त्याच वर्षी तिच्यावर अजिंक्यपद मिळवले. नियम वाईट म्हणणाऱ्याने नियमाचाच फायदा घेतला.

नियम पुन्हा बदलले. २००३ पासून सर्वांना १००० सीसी. २००८ पासून दोनच्या गाडीला १२००. २०११ साली कार्लोस चेकाने डुकाटीवर विजेतेपद मिळवले. दोन सिलिंडरच्या गाडीने जिंकलेले ते आजवरचे शेवटचे. आणि गंमत पाहा. दोन सिलिंडरचा झेंडा ज्या डुकाटीने इतकी वर्षे मिरवला, तिनेच २०१८ साली चार सिलिंडरची पानिगाले व्ही-४ बाजारात आणली, आणि २०२२ व २०२३ सालची अजिंक्यपदे तिच्यावरच मिळवली. याउलट चारच्या गाड्यांसाठी नावाजलेल्या यामाहाने २०२१ पासून आपली सहाशे सीसीची आर-६ युरोपात केवळ शर्यतीच्या मैदानापुरती ठेवली, आणि त्याच वर्षी रस्त्यासाठी दोन सिलिंडरची आर-७ काढली. मैदानाने चार निवडले, रस्त्याने दोन.

हे वाचता वाचता माझ्या ध्यानात आले की ‘दोन की चार’ हा प्रश्न अर्धाच आहे. त्याचा राहिलेला अर्धा भाग आहे ‘कुठे?’ आणि मैदान व रस्ता यांच्यातला फरक केवळ वळणांचा किंवा डांबराचा नाही. मैदानावर न्यायाचा वाद घालता येतो, कारण तेथे उतरणारा प्रत्येक जण आपण होऊन उतरलेला असतो. त्याने नियम वाचलेले असतात, कागदावर सही केलेली असते. नियम पटला नाही तर तो तक्रार करतो, दुसरी गाडी बनवतो, नाहीतर घरी बसतो. रस्त्यावर ७७ अश्वशक्तीची फटफटी आणि भाजीची पाटी घेऊन चाललेली म्हातारी यांच्यात समतोल राखणारा असा नियम कोणी लिहिला आहे? तिला कोणी विचारले आहे, की बाई, तुम्ही या शर्यतीत आहात का?

या दोन टोकांच्या मध्ये एक जागा आहे. इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यामधल्या समुद्रात आइल ऑफ मॅन नावाचे लहानसे बेट आहे. तेथे दरवर्षी लोकांच्या वहिवाटीचेच रस्ते बंद करून शर्यत लावतात. जवळजवळ साठ किलोमीटरांचा एक फेरा. दोन्ही बाजूंना दगडी भिंती, घरे, दिव्याचे खांब. १९११ पासून त्या डोंगरी मार्गावर अडीचशेहून अधिक स्वारांनी प्राण गमावले आहेत. आपण होऊन पत्करलेल्या धोक्याचेही मोल असे जबर असते.

याच बेटावर १९७८ साली माइक हेलवुड अकरा वर्षांनी परतला. वय अडतीस. हाताखाली दोन सिलिंडरची डुकाटी; समोर फिल रीड, आदल्या वर्षीचा विजेता, चार सिलिंडरच्या होंडावर. हेलवुडने रीडला रस्त्यातच गाठून मागे टाकले, रीडची गाडी पुढे बंद पडली, हेलवुड जिंकला. दोन सिलिंडरचे अभिमानी आजही ही कथा डोळ्यांत पाणी आणून सांगतात. पण मला खरे थांबवले ते तिच्या उत्तरार्धाने. १९८१ सालच्या मार्च महिन्यात हाच हेलवुड आपल्या दोन मुलांना मोटारीत घालून जवळच्या दुकानातून संध्याकाळचे खाणे आणायला निघाला होता. रस्त्यात एक ट्रक आडवा वळला. नऊ वर्षांची मुलगी जागच्या जागी गेली. हेलवुड दोन दिवसांनी गेला. भिंती आणि खांब यांच्यामधून भरधाव जाऊन जो वाचला, त्याला साध्या रस्त्यावरच्या दुसऱ्याच्या एका चुकीने नेले.

हे मी भाच्याला फोनवर सांगितले. तो म्हणाला, “मामा, वाचलंत ते ठीक. आता एकदा पाहा. डिसेंबरात मी चेन्नईला ट्रॅकवर शिकायला जातो आहे. चला माझ्याबरोबर.”

साठी उलटलेला मी नीतिशास्त्राचा मास्तर, आणि चाललो फटफट्या पाहायला! चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे १९९० साली सुरू झालेले हे मैदान आहे. फेरा पावणेचार किलोमीटरांच्या आतबाहेर. मी सावलीत खुर्ची टाकून बसलो. पहिला अर्धा तास केवळ आवाज होता. नंतर आवाजातले भेद कळू लागले. दोनची गाडी ढोलकीसारखी तुटक वाजत वळणातून बाहेर पडे. चारची गाडी सनईसारखा एकच सूर चढवीत लांबच्या सरळ पट्ट्यावर दूर निघून जाई. वळणावळणांच्या भागात दोनची हलकी गाडी चारच्या मागे चिकटून राही. सरळ पट्टा आला की अंतर पडे. पुस्तकात वाचले होते तेच डोळ्यांसमोर घडत होते.

एका वळणावर एक मुलगा घसरला. गाडी एकीकडे, तो दुसरीकडे. माझ्या छातीत धस्स झाले. पण माणूस लोळत गेला तेथे ना झाड होते, ना खांब, ना दगड. तेवढ्यासाठीच मोकळी सोडलेली जागा होती. पिवळे निशाण हलले, मागच्या साऱ्यांनी वेग कमी केला. मुलगा उठला, कपडे झटकले, आणि गाडीकडे लंगडत गेला. चूक होणारच असे आधीच धरून चालणारी जागा मी आयुष्यात प्रथमच पाहत होतो. सगळे एकाच दिशेने जाताहेत, समोरून कोणी येत नाही, कोणी आडवा येत नाही, पडलेल्याला उचलायला गाडी उभी आहे. तेथे मला चार सिलिंडरच्या गाडीचा अर्थ कळला. तिची सगळी ताकद तेथे खरी होती, आणि ती कोणाच्या वाट्याची हिसकावून घेतलेली नव्हती. भाचा चार सिलिंडरच्या एका भाड्याच्या गाडीवरून सरळ पट्ट्यावर वाकून गेला, तेव्हा, खरे सांगतो, मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. त्याच्या आईला हे अजून सांगितलेले नाही. येथे छापून आल्यावर कळेलच.

परतीच्या वाटेवर पुण्याला बहिणीकडे उतरलो. रात्री जेवायला बसलो असताना तिने विचारले, “मग, माझी ओवाळणी?”

मी तयार करून ठेवलेली दोनचार वाक्ये होती. पण ती जिभेवर येईनात. कारण भाऊबीजेच्या दिवशी आठवलेली ती गोष्ट मध्ये उभी होती. शेवटी तीच सांगितली.

१९८६ साली मी चोवीस वर्षांचा होतो आणि पुण्यात शिकत होतो. एका मित्राची फटफटी दोन दिवसांसाठी मिळाली आणि मी सकाळीच वाईला निघालो. शिरवळच्या अलीकडे रस्ता मोकळा दिसला. ही पळते तरी किती, पाहू या, असे मनात आले. पुढे एक दूधवाला सायकलीवर दोन्ही बाजूंना किटल्या लटकावून चालला होता. तो पाणंदीकडे वळू लागला. त्याचे काहीच चुकले नव्हते. त्याने हातसुद्धा दाखवला होता. मी ब्रेक दाबला, पण ज्या वेगाला दाबला त्या वेगाला ते पुरणारे नव्हते. माझी दांडी त्याच्या किटलीला लागली. तो पडला, मीही पुढे जाऊन पडलो. डांबरावर दूध पसरत गेले. माझा गुडघा सोलवटला होता. त्याचे मनगट मोडले होते. ते दुसऱ्या हाताने धरून तो रस्त्याच्या कडेला बसला आणि माझ्या गाडीकडे पाहत म्हणाला, “गाडी बेस हाय. पर आमास्नी बाजूला व्हायला येळ तर द्याल का न्हाई?”

त्याने शिवी दिली असती तर मी ती केव्हाच विसरलो असतो. मी त्याला शिरवळच्या डॉक्टरांकडे नेले, खिशात होते तेवढे पैसे त्याच्या हातात ठेवले आणि निघालो. त्याचे नाव विचारले नाही. पुन्हा कधी चौकशीला गेलो नाही. मोडक्या मनगटाने त्याने धारा कशा काढल्या असतील, दुधाचे रतीब कसे घातले असतील, हे मनात यायचे. आले की मी दुसरे काही वाचायला घ्यायचो. घरी सांगितले, मोरीत पाय घसरला.

ताटावरचे हात तसेच राहिले होते. बहीण म्हणाली, “आंबेहळदीचा लेप मी लावला होता तुला.”

“हो.”

ती काही बोलली नाही. आमटी गरम करून आणते म्हणून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

भाच्याने हळूच विचारले, “मामा, ती गाडी किती सिलिंडरची होती?”

“दोन,” मी म्हटले.

हीच माझी अडचण होती. बहिणीला हवा तो युक्तिवाद, की दोन म्हणजे शहाणी आणि चार म्हणजे वेडी, मी कोणत्या तोंडाने करणार? त्या सकाळी शिरवळजवळ जो माणूस रस्त्यावर आडवा झाला तो सिलिंडरांच्या संख्येने झाला नाही. मैदानावर करायची गोष्ट मी रस्त्यावर केली, म्हणून झाला. त्याला न विचारता मी त्याला माझ्या शर्यतीत ओढले होते.

त्या रात्री मला पैठणीचे उत्तर सापडले, आणि मी ते भाच्याला सांगितले. न लागणारे बाळगणे हा दोष नव्हे. पुस्तके न वाचलेली राहिली तर ती कोणाच्या अंगावर जात नाहीत. पैठणी कपाटातून निसटून कोणाचे मनगट मोडत नाही. ज्या ताकदीचे चुकलेले माप दुसऱ्याच्या पदरात पडते, ती बाळगणाऱ्याने एवढेच पाहायचे, की ती पुरी वापरायला माझ्यापाशी जागा आहे का, आणि जेथे जागा नाही तेथे ती झोपलेली ठेवण्याइतका मी माझ्यावर विश्वास टाकू शकतो का. मिलने १८५९ साली स्वातंत्र्याची सीमा सांगितली, ती अशी की दुसऱ्याला इजा होऊ लागली की माझे स्वातंत्र्य संपते. वर्गात हे सोपे वाटते. रस्त्यावर ती सीमा इजा झाल्यावर कळून उपयोग नाही. ती दूधवाल्याने हात दाखवण्याच्याही आधी, ॲक्सिलरेटर पिळणाऱ्या मनगटात असावी लागते.

“म्हणून माझ्यासारख्याला विचारशील,” मी म्हटले, “तर मी दोनचीच घेईन. ती गुणी आहे म्हणून नव्हे. मी माझ्यावर विश्वास टाकून एकदा पाहिला आहे, म्हणून. मर्यादा गाडीत असली तर ती रोज नव्याने पाळावी लागत नाही. चारच्या गाडीत ती स्वाराला रोज घरून घेऊन निघावी लागते. रोज परीक्षा दिली की एखाद्या दिवशी नापास होणं आलंच. आणि त्या निकालाचा फटका बसतो भलत्यालाच. पण तू म्हणजे मी नव्हेस.”

त्याने मान हलवली. होकार की नकार, कळले नाही.

जानेवारीत त्याने गाडी घेतली. चार सिलिंडरची. बहिणीने फोनवर मला एवढेच सांगितले, “ओवाळणी बुडाली, दादा.” मी काय म्हणणार?

फेब्रुवारीत एका रविवारी मी पुण्यात होतो. भाचा म्हणाला, “मामा, वाईला सोडतो तुम्हाला. बसाल मागे?” बहिणीने कपाळाला हात लावला, मग माझ्या हेल्मेटचा पट्टा स्वतः घट्ट केला. आम्ही निघालो. पाठीमागची बैठक माझ्या वयाच्या माणसासाठी केलेली नाही, याची साक्ष माझी कंबर आजही देईल. पण गाडी सावकाश चालली होती, साठ-सत्तरच्या आत. खाली इंजिन अगदी हळू गुणगुणत होते. ते १४,५०० फेऱ्या आपल्या मांडीखाली झोपले आहेत, आणि एका मुलाच्या उजव्या मनगटाने त्यांना झोपवून ठेवले आहे, ही जाणीव मला सारा वेळ होती. ज्याच्यापाशी काही नाही त्याच्या संथपणाहून हा संथपणा निराळा होता, हे मी मान्य करतो. तो रोज टिकेल का, हे मात्र मला सांगता येणार नाही.

शिरवळ यायच्या आधी त्याने गाडी कडेला घेतली आणि हेल्मेट काढले. “इथेच का, मामा?”

मी पाहिले. रस्ता आता कितीतरी रुंद झाला आहे. पूल झाले आहेत, दुकाने झाली आहेत. ती पाणंद कुठे होती, तो माणूस कुठे बसला होता, मला काही केल्या ओळखता येईना. “असेल इथेच कुठेतरी,” मी म्हटले. आम्ही तेथे थोडा वेळ उभे राहिलो. नाव विचारले असते तर आज कोणाला तरी विचारता आले असते.

मग खंबाटकी चढलो, सुरूर फाट्याला वाईच्या रस्त्याला लागलो. तो अरुंदच आहे. पुढे उसाचा ट्रॅक्टर होता, मागे दोन ट्रॉल्या, काठोकाठ भरलेल्या, डुलत चाललेल्या. समोरून एकामागून एक वाहने येत होती. आम्ही त्या ट्रॅक्टरच्या मागे कितीतरी वेळ होतो. उसाची पाने अधूनमधून आमच्यावर पडत होती. भाच्याने एकदाही हॉर्न वाजवला नाही.

हे मी बहिणीला अजून सांगितलेले नाही. यंदाच्या भाऊबीजेला सांगणार आहे. पाकीटही बरोबर नेईन. एवढ्यावर ओवाळणी फिटली असे ती म्हणेल की नाही, याची मला खात्री नाही.